ठिपके जोडणारं यंत्र

ठिपक्यांची रांगोळी आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात बसलेली आहे. आज ठिपके जोडणाऱ्या यंत्रांबद्दल सांगते.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली, सर्न या संस्थेचा 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे. तिथे प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात. टकरीतून नवे कण उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भोवती उपकरणांचे थर लावलेले असतात. थरातून जाताना कण खूण सोडतो. तोच आपला ठिपका. ठिपके जोडले की कणाची वाट कळते. चुंबकामुळे ही वाट वाकते. जोरात जाणारा कण कमी वाकतो, हळू जाणारा जास्त. तिथल्या सीएमएस प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे.

याच टाटा संस्थेत 1949 साली बिभा चौधुरी रुजू झाल्या. त्याआधी त्यांनी कोलकात्याच्या देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर आकाशातून येणाऱ्या कणांच्या वाटा फोटोच्या काचांवर टिपून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत अशा काचा आणि फोटो तासन्‌तास बघण्याचं काम मुख्यतः बायकांनी केलं. बहुतेकींची नावं शोधनिबंधांत आली नाहीत.

आता मात्र डोळे पुरणार नाहीत. सर्नमध्ये सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा प्रोटॉनचे झुबके समोरासमोर येतात. दर वेळी एकदम अनेक टकरी होतात. एकाच अंगणात पन्नास जणींनी एकमेकींच्या रांगोळीवर रांगोळी काढावी, तसं होतं. एवढं सगळं साठवणं शक्यच नाही. म्हणून पहिली चाळणी सेकंदाला साधारण 1 लाख घटना ठेवते, बाकी सोडून देते. हा निर्णय सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपटीच्या आत व्हावा लागतो.

साध्या संगणकाला ते जमत नाही. बचत गटाच्या बैठकीत सचिवाने एकेक पासबुक उघडून तपासलं, तर संध्याकाळ होईल. पण तिने आकडा पुकारला आणि प्रत्येकीने आपापलं पासबुक बघितलं, तर क्षणात उत्तर मिळतं. खास चिपमध्ये हेच केलेलं असतं. संभाव्य वाटांचे नमुने आधीच भरून ठेवतात. ठिपका आला की सगळे नमुने एकाच वेळी जुळवून बघतात. दुसऱ्या प्रकारच्या चिपमधली जोडणी कारखान्यातून आल्यावरही बदलता येते. म्युऑन नावाच्या कणांच्या वाटा सीएमएसची पहिली चाळणी आज अशाच चिपवर शोधते. आतल्या थरांतल्या ठिपक्यांसाठीही तशी तयारी चालू आहे.

चाळणीतून गेलेलं मात्र परत मिळत नाही. नवा कण ठरलेल्या नमुन्यात बसला नाही, तर तो कायमचा हातचा जाऊ शकतो. यंत्र कितीही वेगवान असो, काय राखायचं आणि काय सोडायचं हे आधी माणसांनीच ठरवलेलं असतं. म्हणून ते ठरवायला बसणाऱ्यांत आपल्या मुलीही हव्यात. आणि त्यांची नावं निबंधावर यायला हवीत.