दान आणि देणे

श्रीमंतांनी आपल्या पैशांत गरिबांना वाटेकरी करून घ्यावे काय, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावरची उत्तरेही जवळजवळ ठरून गेलेली आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्याने मिळविले त्याचे ते आहे. त्याने दिले तर ते त्याचे औदार्य, न दिले तर त्याला जाब विचारणारे आपण कोण? दुसरा पक्ष म्हणतो, एका घरच्या कणगीत धान्य किडते आणि शेजारच्या घरी चूल पेटत नाही, अशा गावात कोणालाच स्वस्थ झोप लागणार नाही. म्हणून ज्याच्याजवळ आहे त्याने दिलेच पाहिजे. दोन्ही पक्षांचे लोक सज्जन असतात, दोघांनाही टाळ्या मिळतात आणि सभा संपल्यावर प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

याचे कारण असे की, आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालतो. आपल्या भाषेत त्यांना दोन निराळे शब्द आहेत, दान आणि देणे. दान दात्याच्या मर्जीने होते. देणे मात्र घेणेकऱ्याच्या हक्काने चुकते करावे लागते. वाण्याची उधारी फेडणाऱ्याला कोणी दानशूर म्हणत नाही, आणि वाण्याची उधारी तशीच ठेवून देवळाला कळस चढविणाऱ्याला वाणी काय म्हणेल ते सांगावयास नको. तेव्हा श्रीमंतांनी गरिबांना द्यावे काय, असे विचारण्याआधी, जे द्यावयाचे त्यातले दान किती आणि देणे किती, हे पाहिले पाहिजे. हा हिशेब हवेत मांडून उपयोग नाही. पुण्याच्या पश्चिमेस वीस-पंचवीस मैलांवर तो एकदा प्रत्यक्ष मांडला गेला आहे. तो मुळशीचा हिशेब आज आपण पुन्हा उघडून पाहू.

मुळशीचे खोरे म्हणजे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा मावळ. पाऊस प्रचंड, डोंगरउतार वरकस, आणि नदीकाठी मात्र भाताची उत्तम खाचरे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या वीज कंपनीने घाटमाथ्याचे पाणी अडवून, ते कोकणात खाली सोडून, खोपोली येथे १९१५ साली वीज काढली होती. तोच प्रयोग मुळशीस करण्याचे ठरले. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे आणि साठलेले पाणी घाटाच्या कड्यावरून दीड हजार फुटांहून अधिक खाली, आजच्या रायगड जिल्ह्यातील भिऱ्याला सोडून त्यावर यंत्रे फिरवावयाची, अशी ती योजना. कल्पना इंजिनियरच्या दृष्टीने सुंदर होती. फक्त त्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावे आणि दहा-अकरा हजार माणसांची शेतीभाती जाणार होती.

जमीन घ्यावयाची कशी? त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक कामासाठी, आणि कंपनीसाठीसुद्धा, सरकार जमीन सक्तीने घेऊ शके. मावळ्याला विकावयाची आहे की नाही, हे विचारण्याचे कारणच नव्हते. तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि येथेच लोकांनी त्यांना सेनापती केले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा याच खोऱ्यातली. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिले. योजनेपासून देशाचे कितीही भले होणार असले, तरी एका गरिबाच्या मनाविरुद्ध त्याच्या जमिनीवर ते साधावयाचे असेल तर त्याची किंमत काय, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. माणसे तुरुंगात गेली, त्यांत बायकाही होत्या. १९२४ साली बापटांनी धरणाकडे दगड वाहणारी गाडी हत्यारानिशी अडविली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली.

आता हिशेबाकडे येऊ. कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले?

जमिनीची भरपाई मिळावयाची ती प्रामुख्याने ज्याच्या नावावर जमीन त्याला. पण मुळशीतल्या पुष्कळशा जमिनी पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या हाती गेलेल्या, नाहीतर त्यांच्याकडे गहाण पडलेल्या होत्या. कसणारा मावळा आणि मालक पुण्याचा, अशी स्थिती. सावकाराला ती जमीन म्हणजे एक गुंतवणूक होती. तिचे रोख पैसे चांगल्या दराने होत असतील तर ते घेऊन मोकळे व्हावे, असा त्याचा कल असणे स्वाभाविक होते, आणि तसा तो होताही. कुळाला जमीन म्हणजे वर्षाचा भात, गुरांचा पेंढा, मुलीचे लग्न आणि म्हातारपण. कुळाच्याही खाली शेतमजूर आणि बलुतेदार. लोहार, चांभार, न्हावी यांचे तर सातबाऱ्यावर नावच नसते. त्यांचे उत्पन्न म्हणजे गाव. गाव बुडाले की ते बुडाले, आणि कोणत्याही कागदावर त्याची नोंद होत नाही.

म्हणजे येथे पैसा वाटला गेला नाही असे नाही. तो वाटला गेला, पण ज्याचे नुकसान कमी त्याच्या हाती अधिक आणि ज्याचे नुकसान सर्वस्वी त्याच्या हाती थोडा. शिवाय खाचराचे रोख रुपये झाले की ते रुपये खाचरासारखे दर वर्षी पिकत नाहीत. धरणाकाठी डोंगरावर सरकून राहिलेल्या वाड्यांना, आपल्याच पाण्यातून निघालेल्या विजेचा दिवा दिसावयास पुढे कित्येक दशके जावी लागली.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या १९१९ साली मुळशीच्या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, त्याच १९१९ साली सर रतन टाटा यांच्या मागे ठेवलेल्या संपत्तीतून त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी उभा राहिला. १९३२ साली सर दोराबजी टाटांनीही आपली संपत्ती अशाच निधीला दिली. आज टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग अशा निधींच्या मालकीचे आहेत. बंगलोरची विज्ञानसंस्था जमशेटजींच्या देणगीच्या संकल्पातून निघाली आणि मुंबईचे कर्करोगाचे टाटा रुग्णालय १९४१ साली दोराबजींच्या निधीतून. महाराष्ट्रातल्या किती गरिबांनी त्या रुग्णालयाची पायरी चढली असेल याची गणतीच करता येणार नाही. या देशातील श्रीमंतांमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणावर आपला पैसा लोकांना देऊन टाकणारे घराणे शोधून काढावे लागेल. हे ढोंग नव्हते. हे खरे दान होते.

मग मुळशीचे काय? दान इतके मोठे असताना मुळशीच्या मावळ्याची तक्रार मिटते काय? मिटत नाही. कारण दात्याने दान कोणाला द्यावयाचे हे दाता ठरवितो. त्याने विज्ञान निवडले, रुग्णालय निवडले, आणि चांगले निवडले. परंतु देणेकरी आपला घेणेकरी निवडू शकत नाही. ज्याचे शेत बुडाले तोच त्याचा घेणेकरी. ज्याचे देणे राहिले त्याला ते चुकते करणे ही पहिली पायरी, आणि दान त्यानंतरचे. क्रम उलटला तर दान कितीही थोर असले तरी वहीतली ती एक बाकी तशीच राहते.

येथे कोणी म्हणेल, विजेवर गिरण्या चालल्या, गिरण्यांत हजारो गरिबांना काम मिळाले, त्यांत खुद्द मावळातली माणसेही असतील. हे वाटणेच नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. उद्योग वाढला म्हणजे काही पैसा आपोआप खाली झिरपतो. पण ज्याच्या डोक्यावर पाणी आले त्याला, कोठेतरी दुसऱ्याच्या तोंडात घास पडला असे सांगणे हे उत्तर नव्हे. आणि ज्या शेतकऱ्याचा गिरणीत मजूर झाला, त्याला आपण उपकार केला असे म्हणणे तर फारच धाडसाचे आहे.

दुसरा नेहमीचा आक्षेप असा की, दिल्याने माणूस आळशी होतो. तो भिकेला लागू पडत असेल. देण्याला लागू पडत नाही. सावकार बुडीत कर्ज वसूल झाल्यामुळे आळशी झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? तिसरा आक्षेप गणिताचा: सगळ्या श्रीमंतांचे पैसे सगळ्या गरिबांत वाटले तरी डोईगणिक किती येणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच नुसते रुपये वाटून भागत नाही. जमीन, काम, शाळा, दवाखाना या रूपाने ते वाटावे लागतात, म्हणजे ते पुन्हा पिकतात.

ते कसे वाटावेत, याचे प्रयोगही आपल्या माणसांनी केलेले आहेत. विनोबा भावे हे मुळशीच्या घाटाखालच्या कोकणातले, गागोद्याचे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि सभेतच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदानाचा ओघ सुरू झाला आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाल्याची नोंद झाली. सक्तीविना, केवळ मनुष्याच्या चांगुलपणाला हाक देऊन एवढे मिळणे हा चमत्कारच होता. तथापि त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वादात अडकली आणि पुष्कळ कधी वाटलीच गेली नाही. दान मर्जीवर असते, त्यामुळे काय द्यावयाचे हेही मर्जीवर राहते. विनोबांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणून तर ते गरिबांच्या वतीने, घरातला एक मुलगा समजून माझा वाटा द्या, असे मागत. दान हा शब्द वापरूनही ते हक्काची भाषा बोलत होते.

दुसरा प्रयोग आपल्याच राज्याचा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना सर्वत्र आली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा खेड्यातल्या गरिबाचा हक्क ठरला. पैसा कोठून आणावयाचा? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्याकडून थोडा थोडा कर घ्यावयाचा आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालावयाची. हा कर घटनेनेच वर्षाला अडीच हजार रुपयांच्या आत ठेवला आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ही लहानशी रक्कम आपण पाहतो आणि पुढे जातो. पण देशभरासाठी असा कायदा २००५ साली होण्याच्या कितीतरी आधी, त्या रकमेने दुष्काळी भागातल्या लाखो हातांना काम दिले. त्यासाठी कोणी कोणापुढे हात पसरला नाही आणि कोणाच्या नावाची पाटीही लागली नाही.

कायद्यालाही मुळशीचा धडा उशिरा का होईना कळला आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. आणि बाधित म्हणजे केवळ खातेदार नव्हे, तर तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले कूळ, मजूर आणि कारागीरही. १९२१ चा लोहार २०१४ साली कागदावर आला, असे म्हणावयास हरकत नाही. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के लोकांच्या कामी लावावेत आणि त्यात आपण जेथे धंदा करतो त्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. अंमलबजावणीत पळवाटा निघतात हे खरे. तरी तत्त्व मान्य झाले ही लहान गोष्ट नव्हे.

हे सारे टाटांचे किंवा सरकारचे काम, आपण नगरवासी मध्यमवर्गी लोक, आपला काय संबंध, असे मात्र समजू नये. मुळशीचे सावकार पुण्याचेच होते, हे विसरून चालणार नाही. आज मुळशी तालुक्यात हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि आत खोऱ्यात डोंगरउतारावर शहरातल्या लोकांचे बंगले व सुटीची घरे. तेथे जमीन घेणारा माणूस स्वतःला श्रीमंत समजतही नाही. पण विकणाऱ्याच्या मागे कूळ कोण होते, त्या वाटेने गुरे कोणाची जात होती, झऱ्याचे पाणी कोण भरत होते, हे त्याने विचारले काय? कुंपण घालून झाल्यावर त्याच वाडीच्या शाळेला पंखे भेट देणे सोपे असते. वाट मोकळी ठेवणे त्याहून अवघड, कारण ते देणे आहे.

तेव्हा श्रीमंतांनी गरिबांना द्यावे काय, या प्रश्नाला माझे उत्तर होय असेच आहे, पण ते क्रमवार आहे. ज्याच्या जमिनीवर, पाण्यावर किंवा घामावर आपली मिळकत उभी आहे त्याचे आधी चुकते करावे, आणि ते त्याला विचारून करावे. मग कायद्याने ठरविलेला वाटा कुरकुर न करता भरावा. त्यानंतर जे उरेल त्याचे खुशाल दान करावे, आणि ते करणाऱ्याचे आपण मनापासून कौतुक करावे. पावसाळ्यात मुळशीचे भरलेले धरण पाहावयास आपल्यापैकी बरेच जण जातात. यंदा गेलात तर काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला, तुमचे मूळ गाव कोणते, एवढे विचारून पाहा. तो पाण्याकडे बोट दाखवील.