छोटी गाडी रस्त्यात का थांबते?
व्यापारी व कारागीर बंधूंसाठी उपयुक्त माहिती

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी अनेकांकडे एखादी जुनी छोटी गाडी असते. सकाळी ती मुलांना शाळेत सोडते, दुपारी कापडाचे ताके वाहते आणि संध्याकाळी वसुलीला जाते. शिलाईचे यंत्र किंवा लूम यांना आपण वेळेवर तेल घालतो, परंतु गाडीचे बॉनेट महिनोन्‌महिने उघडत नाही. मग ऐन सीझनमध्ये ती रस्त्यात थांबते आणि टोचनचा खर्च, मिस्तरीचा खर्च व बुडालेला धंदा असे तिहेरी नुकसान होते.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ओम्नी २०१९ मध्ये व अल्टो ८०० ही २०२३ मध्ये बंद झाली. तरी या तिन्ही गाड्या आपल्या मोहल्ल्यांत आजही धावताना दिसतात. तिघींचे इंजिन ७९६ सीसीचे व तीन सिलिंडरचे असल्यामुळे त्यांची दुखणीही बरीचशी सारखी आहेत. म्हणून या लेखात त्याच डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. हा लेख वाचून कोणी मिस्तरी होणार नाही. परंतु गाडी बंद पडण्यापूर्वी बहुधा सूचना देते. ती सूचना ओळखता आली तरी पुष्कळ आहे.

एक चूक, माझी स्वतःची

जून २०१८ मध्ये, ईदला दहा-बारा दिवस असताना, मी भिवंडीहून नाशिकला ड्रेस मटेरियल घेऊन निघालो. मागची सीट आडवी करून छतापर्यंत माल भरला होता. कसारा घाट सुरू होताच तापमानाचा काटा वर जाऊ लागला. रोजा होता, ऊन होते आणि इफ्तारपूर्वी पोहोचायचे होते. "वर गेल्यावर थांबू" असे म्हणून मी गाडी रेटली. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन थांबले. हेड गॅस्केट उडाले होते व हेड वाकले होते. गॅरेजमध्ये कळले की एक रबरी पाईप चिरून कित्येक दिवस थेंब थेंब पाणी गळत होते. अंगणात गाडीखाली पडणारा ओला डाग मी रोज पाहत होतो. माल चार दिवस उशिरा पोहोचला. तोवर दोन दुकानदारांनी दुसरीकडून खरेदी केली होती. पाईपची किंमत त्या नुकसानीपुढे काहीच नव्हती.

गाडी सुरू होत नसेल तर

किल्ली फिरविल्यावर काय होते ते आधी नीट ऐकावे. यात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार : फक्त 'टिक टिक' असा आवाज येतो किंवा काहीच होत नाही आणि दिवे मंद होतात. हा दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर वजा खुणेची वायर आधी काढावी. गरम पाण्याने भुकटी धुवावी, जागा कोरडी करावी, वायरी घट्ट बसवाव्यात आणि वरून व्हॅसलीन लावावे. वजा खुणेची वायर जोडताना शेवटी जोडावी. ही भुकटी आम्लाची असते, डोळ्यांना हात लावू नये. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो व इंजिन चालू असताना तो साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसला पाहिजे. चालू इंजिनवर तो वाढत नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. अनेकजण येथेच फसतात व चांगली बॅटरी बदलून बसतात.

दुसरा प्रकार : दिवे लख्ख आहेत, परंतु 'खट' असा एकच आवाज येऊन सेल्फ फिरत नाही. हे काम सेल्फचे आहे, बॅटरीचे नव्हे.

तिसरा प्रकार : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अशा वेळी पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' करताच मागच्या बाजूने पंपाचा एक-दोन सेकंद बारीक गुणगुण आवाज येतो. तो येत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक वारंवार ओढल्याने प्लग पेट्रोलने ओला होतो. तेव्हा चोक आत करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पेडल वरखाली करू नये.

पावसाळ्यात जुन्या गाडीची डिस्ट्रिब्यूटर कॅप आणि प्लगच्या वायरी दमट होऊन ठिणगी पडत नाही. इंजिन व किल्ली बंद करून त्या पुसाव्यात. येथे कापडाच्या धंद्यातील एक गोष्ट उपयोगी पडते. नवे कोरे कापड खळीमुळे पाणी शोषत नाही आणि पॉलिएस्टर तर मुळीच शोषत नाही. यासाठी अनेक वेळा धुतलेले जुने सुती कापड गाडीत ठेवावे.

गाडी गरम होत असेल तर

काटा नेहमीच्या जागेपेक्षा वर गेला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. हीटर इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. काटा लाल रेषेला भिडला असेल किंवा वाफ दिसली असेल तर ताबडतोब थांबून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून तोंड व हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पाणी घालावे.

कारणे साधारण चार असतात. पाणी गळणे, पंखा न फिरणे, थर्मोस्टॅट अडकणे व रेडिएटर तुंबणे. पंखा विजेवर चालतो, म्हणून त्याचाही फ्यूज आधी पाहावा. बोअरच्या पाण्यातील क्षार आत साचून रेडिएटर तुंबतो. यास्तव नेहमी कूलंटच वापरावे. आपल्या पॉवरलूमच्या वस्त्यांत आणखी एक कारण असते. हवेत उडणारी कापसाची तूस रेडिएटरच्या जाळीवर आणि एअर फिल्टरमध्ये बसते. कंपनीने सांगितलेल्या मुदतीपूर्वीच ते पाहून साफ करवून घ्यावे.

ऑइलच्या काडीवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अशी गाडी सुरू करू नये, टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी.

धुराचा रंग

सायलेन्सरचा धूर पाहून पुष्कळ कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी, एअर फिल्टर पाहावा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत गेले तर गॅस्केटची शंका घ्यावी.

ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंतही जाऊ नये. तेलाच्या दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. तसेच या गाड्यांच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो तुटण्यापूर्वी बहुधा आवाज करीत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला तो बदलावाच. सेकंड हँड गाडी घेतली आणि बेल्ट केव्हा बदलला हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर तो बदललेला नाही असे समजावे.

ब्रेक : येथे काटकसर नको

बाकीच्या बिघाडात पैसा जातो, ब्रेकच्या बिघाडात जीव जाऊ शकतो. ब्रेक दाबताच कर्कश आवाज येत असेल तर पॅड संपत आले आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक नीट धरत नाही. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर ऑइल गळते आहे किंवा नळीत हवा शिरली आहे. अशी गाडी चालवू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. त्याच्या टाकीत दुसरे कोणतेही तेल घालू नये.

पेट्रोल वाचविण्यासाठी घाट उतरताना काही बंधू इंजिन बंद करतात. ही सवय आजच सोडावी. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल दगडासारखे कडक होते आणि किल्ली मागे फिरल्यास स्टिअरिंगही लॉक होऊ शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. दुर्दैवाने ब्रेक लागलाच नाही तर पेडल भरभर दाबावे, गिअर कमी करीत जावे आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा, एकदम नव्हे.

भरलेला माल हाही ब्रेक व क्लचचा शत्रू आहे. पाच माणसांसाठी केलेल्या गाडीत पाच माणसांच्या वजनापेक्षा अधिक गठ्ठे भरू नयेत. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट संपली असे समजावे.

आवाजावरून ओळख

स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर 'टक टक' आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट झिजला आहे. वेगाबरोबर वाढणारी 'घूं' चाकाच्या बेअरिंगची असते. खड्ड्यात 'धप' आवाज आला तर शॉकअप व बुश पाहावेत. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते तेव्हा चाकांचे बॅलन्सिंग करावे. टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे.

पेट्रोलमधील बदल

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप व वॉशर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते मऊ पडतात किंवा चिरतात. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नये, आगीचा धोका असतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून गाडी अनेक आठवडे उभी ठेवू नये. पाईप बदलताना नव्या इंधनाला चालणारेच मागावेत.

उस्तादला काय सांगावे

"गाडी बरोबर चालत नाही" एवढे सांगितल्यास मिस्तरी अंदाजाने एकेक भाग बदलतो आणि बिल वाढते. गाडी थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, आवाज पुढून की मागून, हे सांगावे. काढलेला जुना भाग परत मागावा. यात अविश्वास नाही, हा हिशेब आहे. आपला गिऱ्हाईकही उरलेले कापड मागतोच.

दुकानाच्या खातेवहीसारखी गाडीचीही एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय केले आणि किती खर्च झाला एवढे लिहावे. दर जुम्म्याला पाच मिनिटे काढून ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, स्टेपनी आणि गाडीखालची जमीन पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीही ही वही उपयोगी पडते.

शेवटी एक गोष्ट. गाडी विकायची वेळ आली की काहीजण जाड ऑइल घालून धूर दाबतात किंवा काट्याचे किलोमीटर मागे फिरवितात. हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपण सर्व जाणतो. गाडीचेही तसेच आहे. माझी ती गाडी मी २०२० मध्ये विकली. घेणाऱ्याला वही दाखविली आणि हेड एकदा वाकले होते हेही सांगितले. त्याने भाव थोडा कमी केला. ते योग्यच होते. ती गाडी उद्या त्याच्या मुलांना घेऊन त्याच घाटातून जाणार होती.