वायर गेली, बॅटरीने बांधून घेतलं

राजाजीनगरच्या कडेला, डॉ. राजकुमार रस्त्यावर आज ओरायन मॉल आहे, तिथे पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. रवी किर्लोस्करांनी १९४६ मध्ये बेंगळुरूत काढलेली ही कंपनी मोटरींसाठी ओळखली जाते. मोटरीची पारख असलेल्या या भागातून कॉर्डलेस हत्यारांचा मागोवा घ्यावासा वाटतो.

वायरच्या ड्रिलची निवड सोपी होती. मुलुंडचं रॅलीवुल्फ, शिरोळचं कुलकर्णी पॉवर टूल्स, नाहीतर बॉश. वॅट बघायचे, चक बघायचा, मोटरीचे कार्बन ब्रश जवळपास मिळतात का ते विचारायचं, झालं. बॅटरीचं ड्रिल तेव्हाही होतं. ब्लॅक अँड डेकरने ते १९६१ मध्येच आणलं, मकिताने १९७८ मध्ये ७.२ व्होल्टचं काढलं. पण निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १८ व्होल्टला १५ सेल. मनगट भरून यायचं, आणि ठेवून दिलेली बॅटरी आपोआप उतरायची.

२००३ मध्ये बॉशचा छोटा इक्सो स्क्रू-ड्रायव्हर लिथियम-आयनवर आला. २००५ मध्ये मिलवॉकीने २८ व्होल्टची, मकिताने १८ व्होल्टची मालिका आणली. आता १८ व्होल्टला ३.६ व्होल्टचे पाचच सेल पुरू लागले, आणि मग आकड्यांची चढाओढ सुरू झाली. डिवॉल्टच्या ‘२० व्होल्ट मॅक्स’मध्येही तेच पाच सेल असतात, २० हा पूर्ण चार्ज केलेल्या, भार नसलेल्या बॅटरीचा आकडा. बॉशची १०.८ व्होल्टची बॅटरी पुढे १२ म्हणून विकली जाऊ लागली. आत सेल तीनच. माझ्या मते ही ग्राहकाची दिशाभूलच. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावं: १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर. तुलना करायची ती याची.

पुढे ब्रशलेस मोटर आली आणि कार्बन बदलायची कटकट संपली. चार्ज जास्त पुरू लागला. मात्र आतलं सर्किट गेलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात काम भागत नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

सुताराचं काम जवळून पाहिलं की कागदावरच्या टॉर्कची भुरळ उतरते. डोक्यावरच्या कपाटाचं दार एका हाताने पेलून तो दुसऱ्या हाताने बिजागरीचा स्क्रू पिळतो. त्याआधी चकमागची क्लच-रिंग खालच्या आकड्यावर आणतो, नाहीतर स्क्रू प्लायमध्ये फिरून भोक सैल होतं. तिथे बॉशचं हलकं १२ व्होल्टचं यंत्रच बरं. काँक्रीटच्या बीममध्ये दिवसभर भोकं पाडायची तर मकिता किंवा डिवॉल्टचं १८ व्होल्टचं रोटरी हॅमर घ्यावं.

पण पहिलं यंत्र घेतलं की पुढची पाच त्याच रंगाची घ्यावी लागतात, कारण खरा खर्च बॅटरी आणि चार्जरचा. नवं यंत्र नुसतं, बॅटरीविना मिळतं ते त्यामुळेच. घरगुती आणि बागेच्या यंत्रांसाठी २०२० मध्ये बॉश, गार्डेना आदी कंपन्यांनी सामायिक १८ व्होल्टची बॅटरी मान्य केली. कारागिराला याची गरज कितीतरी जास्त आहे, कारण बॉश, मकिता आणि डिवॉल्टच्या त्याच्या बॅटऱ्या अजून एकमेकींच्या यंत्रांत बसत नाहीत.