खाडीच्या त्या टोकाचं चर्च

बाळकुमकरांनो, कशेळी पुलाखालून वाहणारी आपली खाडी पुढे वसईजवळ समुद्राला मिळते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसईही आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. चर्च म्हणजे फक्त रविवारची प्रार्थना आणि इंग्रजी शाळेचं ॲडमिशन, असं समजणाऱ्यांनी तिथला इतिहास जरूर वाचावा.

वसईचा बागायती शेतकरी सावकारी कर्जात अडकलेला. त्यावर मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी प्रवचनापेक्षा रोकडा उपाय शोधला. १९१८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बेसिन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक! वाजवी व्याजाने कर्ज मिळणं हेही मिशनकार्यच, असं माझं मत.

पुढे प्रश्न बदलला. बागायतीतल्या विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं. गोड्या पाण्याचा असा बेसुमार उपसा झाला की किनारपट्टीच्या जमिनीत खारं पाणी आत सरकतं, आणि केळी, पानमळे संपतात. तेव्हा ‘हरित वसई’च्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. सोबत ख्रिस्ती होते, तसे हिंदू आणि मुस्लिमही. झगा घातलेला धर्मगुरू टँकर आणि बिल्डर लॉबीला जाब विचारतोय, हे दृश्य महाराष्ट्राला नवंच होतं. हेच फादर १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

आता घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांबाहेरची टँकरची रांग बघा. वसईचा पाणीलढा आपल्याकडे अजून शिळा झालेला नाही.