नवरा फौजेत आहे, म्हणून मार खायचा का?

आजचा विषय जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

समजा, साताऱ्याची एक मुलगी आहे. नवरा फौजेत, पोस्टिंग पठाणकोटला. क्वार्टर त्याच्या नावावर, शेजारीपाजारी सगळे युनिटवाले, माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर. तो हात उचलतो, ती गप्प बसते. कारण एकच भीती: तक्रार केली आणि त्याची नोकरी गेली, तर पोरांनी खायचं काय?

तर नीट समजून घ्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फौजींच्या घरालाही लागू आहे, आणि त्यात आधी तुरुंग नाही, आधी संरक्षण आहे. मारहाण थांबवा, घरात राहू द्या, खर्च द्या, असे आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र तो गुन्हा.

अर्ज पठाणकोटलाच करायला हवा असंही नाही. ती माहेरी आली असेल, तर साताऱ्यातही चालतो.

आणि पैसे? आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ९० आणि ९१ नुसार बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम थेट पगारातून कापता येते. त्यासाठी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करायचा.

उद्या एखादी मैत्रीण हे सांगायला लागली, तर "अगं, त्याला ड्युटीचं टेन्शन असेल" असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या. डॉक्टरांचे कागद, जखमांचे फोटो तुमच्याकडे जपून ठेवा. महिला हेल्पलाइन १८१. जिवाला धोका असेल, तर थेट ११२.