‘साचणे’ हे क्रियापद आणि धमन्यांतील चुना

धमनीच्या भित्तीत कॅल्शियम आढळले की ‘नसांत चुना साचला’ असे आपण सहज म्हणून जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्यात वावगे काही नाही. ‘कॅल्शियम’ ही संज्ञा चुना ह्या अर्थाच्या ‘कॅल्क्स’ ह्या लॅटिन शब्दावरूनच बनलेली आहे. घोटाळा होतो तो ‘साचणे’ ह्या क्रियापदाने. माठाच्या बुडाशी गाळ साचतो तेव्हा माठ स्वतः काही करीत नसतो. धमनीही तशीच निष्क्रिय असावी असा समज होतो आणि मग रुग्णाचे दूध तोडण्यापर्यंत मजल जाते.

वस्तुस्थिती निराळी आहे. रक्तात कॅल्शियम व फॉस्फेट सदैव असतातच. त्यांचे स्फटिक भलत्या ठिकाणी बनू न देण्याचे काम काही प्रथिने करीत असतात. यकृतात तयार होणारे फेट्युइन-ए रक्तातील सूक्ष्म कण बांधून ठेवते. धमनीतील स्नायुपेशी स्वतःच मॅट्रिक्स ग्ला प्रथिन निर्माण करतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ह्या प्रथिनावाचून जन्मलेले उंदीर धमन्या चुनामय होऊन व फुटून दोन महिन्यांच्या आत दगावले. हे प्रथिन कार्यक्षम होण्यास के-जीवनसत्त्व लागते. उलटपक्षी, बीएमपी-२ हे अस्थिघडणीतील प्रथिन धमनीत बळावले, की तेथील स्नायुपेशी अस्थिपेशींसारख्या वागू लागतात.

आपल्याकडील दृष्टांत द्यावयाचा तर कृष्णाकाठचा देता येईल. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून सांगलीकडे उतरते. परंतु डोंगरउतारावरील जमीन क्षारपड होत नाही. खालच्या सपाट काळ्या रानात पाणी अति झाले व निचरा खुंटला, की क्षार वर येतात. तेथे केवळ क्षारास दोष देणे जसे अपुरे, तसेच येथे केवळ कॅल्शियमला.

मूत्रपिंडाच्या रुग्णाने काय खावे, हे त्याच्या वैद्यानेच ठरवावयाचे. परंतु नुसते दूध सोडल्याने भित्तीतील चुना उतरतो, असे मात्र नाही.

झाड फळ धरते, लोखंड गंज धरते. त्याच चालीवर ‘धमनी चुना धरते’ असे म्हणावे. ‘धरणे’ ह्या क्रियापदात कर्तृत्व भित्तीकडे जाते आणि ‘तिने चुना का धरला?’ हा खरा प्रश्न आपोआप पुढे येतो.