मॅट निघाली, गोंद राहिला

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हे काय भाषणाचे विषय झाले? गाडीच्या तळाला चिकटलेला जुना गोंद! पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे पत्राकाम शिकवल्यावर एक गोष्ट मी पक्की शिकलो. गाडीचा पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो, आणि ही सड मॅटखाली सुरू होते.

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. "सर, जरा गाडी बघता का?" म्हणाला. गाडी म्हणजे सेकंडहँड मारुती ओम्नी. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली ही गाडी २०१९ साली बनायची थांबली, तरी आपल्या तालुक्याच्या गावांतून ती अजून दिसते. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात न्यावे लागे. येताना म्हातारा माणूस थकलेला असे, बसवत नसे. म्हणून मागची सीट काढून तिथे गादी टाकायची, असा बेत. पण मॅट ओली राहून कुजली होती, तिच्या वासाने वडिलांना मळमळू लागे. पोराने मॅट ओढून काढली. खाली पिवळट, चिवट गोंदाचे थर. त्यावर त्याने थिनरचा बोळा फिरवला. गोंद निघाला, आणि त्याबरोबर हातभर जागेचा रंगही निघून आला. पावसाळा तोंडावर, आणि तळ उघडा पडलेला. तोंड एवढेसे करून तो उभा होता.

मी त्याला विचारले, "रंग का निघाला, सांग बघू?" कारण कळले तर पुढची पायरी आपोआप कळते.

वाहनाच्या रंगाचे ढोबळ दोन प्रकार धरा. कारखान्यात दिलेला रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का करतात. गॅरेजमध्ये पूर्वी सर्रास मारला जाणारा एनसी रंग मात्र थिनर उडून गेल्यामुळे नुसता वाळतो. वाळलेला गूळ पाण्यात टाकला की पुन्हा विरघळतो, पण भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. एनसी रंग हा गूळ, कारखान्याचा रंग ही भाकरी. या गाडीच्या तळाला आधीच्या मालकाने गॅरेजचा हात दिलेला होता. थिनर लागताच तो विरघळला.

म्हणून पहिली पायरी परीक्षेची. सीटखालच्या, नजरेला न येणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याला थेंबभर थिनर लावून हलकेच घासा. फडक्यावर रंग उतरला तर थिनरची बाटली त्या गाडीपासून लांब ठेवा. रंग उतरला नाही, तरीही थिनरने सुरुवात करू नका. सौम्य उपायाने होणाऱ्या कामाला जहाल औषध कशाला?

दुसरी ओळख गोंदाची. मॅट चिकटवायला बहुधा रबरी गोंद वापरतात. चपलेचा तळ चिकटवतात तो. हा पाण्याला दाद देत नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद असेल तर गरम पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ पडतो. आणि तळाला पत्र्याशी एकजीव झालेले काळे, डांबरी जाड तुकडे दिसले, तर तो गोंद नव्हे. पत्र्याचा आवाज कमी करण्यासाठी ते मुद्दाम बसवलेले असतात. ते खरवडू नका, आणि त्यांवर टर्पेंटाइनही सांडू नका, नाहीतर काळा चिखल होईल.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. सर्व दारे उघडा, सीट काढा, बॅटरीची वायर सोडवा. गॅसकिट असेल तर आधी जाणत्या मेकॅनिककडून टाकी बंद करून घ्या. पेट्रोलने गोंद काढायचा मोह टाळा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते, आणि एक ठिणगी पुरते.

सुरुवात उष्णतेने. केस वाळवायचे साधे यंत्र वीतभर अंतरावरून एका जागी अर्धा-एक मिनिट फिरवत राहा. रबरी गोंद मऊ पडतो, रंगाला इतक्या उबेने काही होत नाही. रंग काढायची हीट गन मात्र नको. तिचे कामच रंग उचलण्याचे आहे. गोंद मऊ झाला की प्लॅस्टिकची पट्टी, जुने एटीएम कार्ड किंवा बांबूची तासलेली कामटी आडवी धरून ढकला. पटाशी, ब्लेड, तारेचा ब्रश यांना हात लावू नका. रंगावर केसाएवढा ओरखडा पडला तरी पाणी तिथून आत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. वीतभर जागा गरम करा, खरवडा, पुढे जा. घाई केली की गोंद गार होतो आणि जोर लावावा लागतो. जोर लावला की ओरखडा आलाच.

मोठा थर गेला की पातळ साय उरते. यंत्राचा प्लग काढून ठेवा, पत्रा पूर्ण गार होऊ द्या, मगच टर्पेंटाइन उघडा. उष्णता आणि टर्पेंटाइन ही दोन कामे कधीही एकत्र करायची नाहीत. पूर्वी घरोघरी रॉकेल असे, आता ते सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन चालते. तेही आधी कोपऱ्यात तपासून घ्या. फडके भिजवून पिळा आणि गोंदावर पंधरा-वीस मिनिटे पसरून ठेवा. हरभरे भिजवल्यावर फुगतात, तसा गोंद फुगून सैल होतो. मग अंगठ्याने चोळला तरी त्याच्या वळ्या होऊन निघतात. एका वेळी निघाला नाही तर पुन्हा फडके ठेवा. ओतू मात्र नका. सांध्यांत आणि वायरींत उतरेल. हातात मोजे हवेत, आणि डोके गरगरले तर काम थांबवून बाहेर या. वापरलेली फडकी गोळा करून कोंबून ठेवू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा पुसा. टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरणार नाही. मग दारे उघडी ठेवून गाडी दिवसभर उन्हात.

त्याच्या गाडीचा गोंद काढायला आम्हाला तीन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाच्या कमानीजवळ शेवटचा थर निघाला, आणि खाली पावलीएवढ्या जागेत पत्रा बोटाने दाबल्यावर दबला. गंजाने खाल्लेला होता. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटले, "अरे, वाईट वाटून घेऊ नकोस. गादीखाली हे झाकून गेले असते, आणि पुढच्या वर्षी तुला तिथून रस्ता दिसला असता." तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडून घेतला. किरकोळ गंज सॅंडपेपरने घासून रेड ऑक्साइड प्रायमर दिला, त्यावर रंग. थिनरने उघडी पडलेली जागाही त्यातच झाकली. रंगाचा वास पुरता जाईपर्यंत आठवडाभर गाडी उघडी ठेवली. तेवढे दिवस वडिलांना रिक्षाने नेले.

मग तो रबरी मॅट आणि गोंदाचा डबा घेऊन आला! मी डबा परत करायला लावला. चिकटवलेली मॅट उचलता येत नाही, आणि जी उचलता येत नाही तिच्या खाली काय चालले आहे ते दिसत नाही. मॅट मापाने कापून नुसती अंथरा, कडेला चिकटपट्ट्यांची दोन-चार ठिकाणे पुरतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती उचलून वाळवा.

परवा रुग्णालयाच्या आवारात ती व्हॅन दिसली. वडील मागे गादीवर डोळे मिटून पडले होते. दाराबाहेर कठड्यावर मॅट वाळत घातलेली होती. मला पाहून पोरगा म्हणाला, "सर, रविवार चुकला होता, म्हणून आज काढली."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)